पन्नास डॉलरची मासळी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील मासिक व्याख्यानमालेत, सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त दर महिन्याला एका रहिवाशाने बोलायचं असं ठरलं, तेव्हा समितीने माझ्यासाठी 'ज्येष्ठांसाठी सुरक्षित गुंतवणूक' हा विषय काढून ठेवला होता. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, तो दुसरं काय बोलणार! पण मुदतठेवीचे दर आता तुम्हाला माझ्याआधी कळतात. म्हणून मी विनंती केली की मला माझ्या छंदाबद्दल बोलू द्या. समितीने ती मान्य केली, त्याबद्दल आभार.

छंद असा आहे. चिओंग सू पिएंग नावाचे सिंगापूरचे एक चित्रकार होते. नाव नीट उच्चारायला मलाही वर्षभर लागलं, तेव्हा तुम्ही घाई करू नका. त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या काही चित्रकारांनी तिकडच्या गावांची, गावातल्या कामांची, माणसांची चित्रं काढली. ती गावं आज जवळजवळ उरलेली नाहीत. या चित्रांचा मी वीस वर्षं संग्रह करतोय.

संग्रह म्हटल्यावर ए-विंगमधल्या एका मित्रांनी लगेच विचारलं, "म्हणजे काका, तुमच्याकडे लाखोंचा माल आहे तर!" गैरसमज आधीच दूर करतो. माझ्याकडे मूळ चित्र एकही नाही. चिओंग यांची चांगली मूळ चित्रं लिलावात आपल्या रुपयांत कोटींच्या घरात जातात. आपला टू बीएचके विकला तरी कदाचित फ्रेमच हातात पडेल. माझा संग्रह म्हणजे संग्रहालयांच्या दुकानात मिळणारी छापील चित्रं चौदा, पोस्टकार्डं तेवीस, प्रदर्शनांचे कॅटलॉग पाच आणि एक नोट. एकूण त्रेचाळीस नग. आज शिल्लक जुळते, सकाळीच मोजून आलोय.

यातली माझी सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे ती नोट. सिंगापूरची पन्नास डॉलरची. २००४ साली आम्ही पहिल्यांदा लेकीकडे गेलो, तेव्हा तिने खर्चाला म्हणून हातात दिली. बँकेतल्या माणसाची सवय अशी की नोट आली की आधी उजेडात धरायची, मग उलटायची. पुढच्या बाजूला सिंगापूरचे पहिले राष्ट्राध्यक्ष युसुफ बिन इशाक. मागची बाजू सगळी कलेची. चार वाद्यं आहेत: व्हायोलिन, चिनी लोकांचं पिपा नावाचं तंतुवाद्य, मलय लोकांचं डफासारखं कोंपांग आणि चक्क आपली वीणा. शिवाय दोन चित्रं. एक चेन वेन शी यांचं, वेलींमधल्या दोन गिबन माकडांचं. आणि दुसरं चिओंग यांचं १९७८ सालचं, त्याचं नावच 'खारवलेली मासळी सुकवताना'.

नोटेवर राजे असतात, पुढारी असतात, इमारती असतात. आपल्या जुन्या पाच रुपयांच्या नोटेवर शेतातला ट्रॅक्टर होता, तो पुष्कळांना आठवत असेल. पण सुकी मासळी? तीही सिंगापूरच्या नोटेवर? ज्या शहरात मान वर करून बघितलं तर बँकांच्या पाट्या दिसतात, त्याने १९९९ मध्ये नवी नोट काढताना मासे वाळत घालणारी माणसं छापली. मला त्याचं कारण हळूहळू समजलं. तोवर ती माणसं रस्त्यात दिसेनाशी झाली होती. जे दारात असतं ते कोणी नोटेवर छापत नाही.

या चित्रापाशी मी थबकलो त्याला माझं स्वतःचंही एक कारण आहे. नोकरीत चार वर्षं मी वसई पट्ट्यातल्या एका शाखेत होतो. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांची, होड्यांची, जाळ्यांची कर्जं होती. तपासणीसाठी किनाऱ्यावर जावं लागे. बांबूंच्या ओळींवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला आणि डोक्याला पदर बांधून बायका कावळ्यांना हाकलतायत, हे दृश्य रोजचं. मी परत येऊन फाइलीत लिहायचो, 'सुकी मासळी, अंदाजे इतके किलो'. पुढे ती नोट हातात आली आणि जाणवलं की आमच्या फाइलीत किलो होते, जाळी होती, होडीचा नंबर होता. त्या बाईसाठी बँकेच्या फॉर्मवर रकानाच नव्हता. तो रकाना चित्रकाराकडे असतो.

आता या चित्रकाराविषयी थोडं सांगतो. चिओंग सू पिएंग यांचा जन्म १९१७ चा, चीनमधल्या शियामेन गावचा. आपल्या जुन्या नकाशांत त्याला अमॉय म्हणत. चित्रकलेचं शिक्षण तिथे आणि शांघायला झालं. १९४६ मध्ये, म्हणजे महायुद्ध संपल्यावर, ते सिंगापूरला आले. दुसऱ्या वर्षीपासून नान्यांग अकादमी नावाच्या कलाशाळेत शिकवू लागले आणि १९६१ पर्यंत शिकवत राहिले. नान्यांग म्हणजे चिनी भाषेत दक्षिणेचा समुद्र. चीनमधून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली माणसं मलाया, सिंगापूर, जावा या सगळ्या मुलखाला त्याच नावाने ओळखत.

म्हणजे बघा, हा माणूस त्या गावचा नव्हता. मलय कोळी नव्हता, बालीचा शेतकरी नव्हता. बाहेरून आलेला मास्तर. १९५२ मध्ये चिओंग, चेन वेन शी, लिऊ कांग आणि चेन चोंग स्वी असे चौघे जण मिळून बाली बेटावर गेले. भरपूर रेखाटनं केली आणि पुढच्या वर्षी सिंगापुरात त्यांचं एकत्र प्रदर्शन भरवलं. तिकडच्या कलेच्या इतिहासात ही सहल फार मोठी मानतात. माझ्या मते त्यामागे एक साधी गोष्ट आहे. गावातल्या माणसाला गाव दिसत नाही, त्याला कामं दिसतात. बाहेरून आलेल्याला ते दिसतं, कारण त्याला त्यातलं काही करायचं नसतं. ही चांगली गोष्ट आहे आणि थोडी खटकणारीही. त्याच्याकडे मी पुन्हा येतो.

चिओंग यांची माणसं ओळखायला सोपी. हात लांबसडक, अंग सडपातळ, डोकं लहान, डोळे बदामी आणि अर्धे मिटल्यासारखे. जावा-बालीकडे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ असतो, त्या बाहुल्यांची आठवण येते. कोकणातल्या ज्यांनी पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या बाहुल्या पाहिल्या असतील, त्यांना चटकन कळेल. माझ्या संग्रहात त्यांचं १९५१ चं 'गुरं राखताना' आहे, १९५९ चं 'उष्ण कटिबंधातलं जीवन' आहे. या दुसऱ्याचं मूळ मलेशियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चिनी शाई, कागद, पण मांडणी पाश्चात्त्य चित्रकलेतून शिकलेली आणि विषय मलय गावाचा. एकाच कागदावर तीन मुलूख नांदतात, कुठे भांडण नाही. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेने काही शिकण्यासारखं आहे.

आमच्या सौ.चं माहेर रेवदंड्याकडचं. मी पहिलं मोठं छापील चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. तेच, मासळीचं. तिने कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण या बायकांच्या हाताला मीठ लागलेलं दिसत नाही."

मंडळी, कुठल्याही कॅटलॉगमध्ये मला इतकी नेमकी समीक्षा मिळालेली नाही. ती पुढे म्हणाली, "आमच्या शेजारच्या कोळीवाड्यात बायकांच्या हातांना मिठाने भेगा पडायच्या. माशा घोंगावायच्या. मळभ आलं की सगळं गोळा करायला धावाधाव. वास तर विचारूच नका. यांच्यात कुणाला घाईच नाही." खरं आहे. चित्रातल्या कुणालाही घाई नाही. पाऊस येणार नाही, सावकार येणार नाही, मूल रडणार नाही. मग हे चित्र खोटं का? यावर आमच्या घरात बरीच वर्षं चर्चा चालू आहे. मी काही निकाल देत नाही. पण तिच्या त्या वाक्यामुळे मी नुसती चित्रं जमवण्याऐवजी त्या गावांचं पुढे काय झालं, हे वाचायला लागलो.

मलय भाषेत गावाला, वाडीला कांपुंग म्हणतात. सिंगापुरात अशी शेकडो कांपुंगं होती. लाकडी घरं, झावळ्यांची नाहीतर पत्र्याची छपरं, बहुतेकांत नळ नाही, संडास बाहेर. एकमेकांचं घर शाकारायला, लग्नाचा स्वयंपाक करायला सगळं गाव हजर. त्याला ते गोतोंग रोयोंग म्हणतात. आपल्याकडे शेतीच्या कामात इर्जिक असायची, तोच प्रकार. पण दुसरी बाजूही ऐका. २५ मे १९६१ या दिवशी बुकित हो स्वी या दाटीच्या वस्तीला आग लागली. काही तासांत सुमारे १६,००० माणसं उघड्यावर आली. सरकारने आदल्याच वर्षी गृहनिर्माण मंडळ स्थापन केलं होतं. त्याने त्याच जागी बांधकाम सुरू केलं आणि वर्षभराच्या आत लोक पहिल्या इमारतींत राहायला गेले. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत एकेक कांपुंग उठत गेलं. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या, मंडळाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. आज तिथले दहातले जवळजवळ आठ रहिवासी या मंडळाच्या घरांत राहतात. सिंगापूर नदीतल्या मालवाहू होड्यांचंही तेच झालं. १९७७ मध्ये नदी साफ करायचं ठरलं, १९८३ मध्ये होड्या तिथून हलवल्या, १९८७ पर्यंत नदी स्वच्छ झाली. त्या होड्या त्या पिढीतल्या बहुतेक चित्रकारांनी रंगवल्यात. आता तिथे पर्यटकांच्या होड्या फिरतात.

आमची लेक अशाच एका मंडळाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. तळमजला मोकळा ठेवलेला असतो. तिथेच मलय कुटुंबाचं लग्न, तिथेच चिनी कुटुंबाची मयत, तिथेच म्हाताऱ्यांचे बुद्धिबळाचे डाव. मी तिथे एका आजोबांना विचारलं होतं, जावईबापू दुभाषे होते, की तुम्हाला कांपुंग आठवतं का. ते म्हणाले, "रोज आठवतं." मी विचारलं, परत जाल का? ते हसले आणि वर बोट दाखवलं. म्हणाले, "वर नळ आहे, लिफ्ट आहे. बायकोचे गुडघे दुखतात." आठवण येणं वेगळं आणि परत जावंसं वाटणं वेगळं, हे मला त्या दिवशी समजलं. चिओंग यांनी १९७८ साली, म्हणजे इमारती भराभर उठत असताना, ती मासळी रंगवली. मीठ न लागलेले हात, घाई नसलेली माणसं. ती त्या दिवशीच्या किनाऱ्याची नोंद नसावी. माणसं अकराव्या मजल्यावर बसून जे आठवतात, ते तसंच असतं. मीठ गळून जातं, ऊन राहतं.

आता माझ्या वहीबद्दल सांगतो, कारण ऑडिट झाल्याशिवाय मला झोप येत नाही. प्रत्येक नगाची मी एका लांब वहीत नोंद केली आहे. अनुक्रमांक, चित्राचं नाव, साल, माध्यम, मूळ कुठे आहे, मला कुठे मिळालं, किंमत किती. दहाएक वर्षांपूर्वी मी त्यात शेवटी एक रकाना वाढवला: 'चित्रात काय काम चाललंय आणि ते आता कुठे चालतं?' हा रकाना भरणं सगळ्यात अवघड. मासळी सुकवणं: सिंगापूरच्या मोठ्या बेटावर दिसत नाही, आमच्या वसई पट्ट्यात अजून आहे. गुरं राखणं: बालीत अजून आहे. नदीतून माल वाहणं: नाही. काही ठिकाणी मी नुसतंच प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. पण या एका रकान्यामुळे चित्राकडे बघायची माझी पद्धत बदलली. आधी मी रंग बघायचो. आता मी विचारतो, ही बाई काय करते आहे? तिला हे कुणी शिकवलं? आणि तिच्या नातीला ते येतं का?

त्या रकान्यापायीच आम्ही लोरोंग बुआंगकोक नावाच्या कांपुंगात गेलो. सिंगापूरच्या मुख्य बेटावर उरलेलं हे शेवटचं कांपुंग. दोन डझनांच्या आसपास घरं, पत्र्याची छपरं, झाडी आणि सगळ्या बाजूंनी उंच इमारती. फोटो काढायला लोक येतात. आम्हीही गेलो होतो. एक म्हाताऱ्या बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी मोबाईल वर केला, तर सौ.ने माझा हात खाली केला. म्हणाली, "आपल्या गॅलरीत मी कपडे घालत असताना खाली कुणी असं उभं राहिलेलं चालेल तुम्हाला?" मी फोटो काढला नाही. त्या बाईंनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि आपलं काम चालू ठेवलं. बाहेरून आलेल्याला गाव दिसतं, असं मी मघाशी म्हटलं. पण बघण्याचीही एक मर्यादा असते, ती मला चित्रकारांनी नाही, घरातूनच शिकवली गेली.

संग्रह करणाऱ्या माणसांपैकी एकाची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती थेट आपल्या मुंबईला येऊन भिडते. लोक वान थो. हो, आडनावच 'लोक'. चिनी पद्धतीने आडनाव आधी. सिंगापूर-मलायातले चित्रपटगृहांचे बडे मालक, कॅथे ही त्यांची कंपनी. पण माणूस मुळात पक्षिवेडा. १९४२ मध्ये जपानी सैन्य आलं, तेव्हा ते जहाजाने निसटले. वाटेत जहाजावर बॉम्ब पडले, ते भाजले, काही काळ दृष्टी गेली. पुढे ते भारतात पोचले आणि इथे त्यांची गाठ पडली डॉ. सलीम अलींशी. दोघांची मैत्री जन्मभराची झाली. दोघे मिळून रानोमाळ पक्षी बघत हिंडले. पुढे सलीम अलींच्या पक्षी-मोहिमांना त्यांनी पैशाची मदतही केली. सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्रात त्यांच्याविषयी आपुलकीने लिहिलं आहे.

या लोक वान थोंनी आपल्या काळातल्या स्थानिक चित्रकारांची चित्रं विकत घेतली. तेव्हा ती फार कुणी घेत नव्हतं. आणि १९६० च्या सुमारास जवळजवळ शंभर चित्रं त्यांनी देऊन टाकली, लोकांना बघायला मिळावीत म्हणून. १९६४ मध्ये तैवानला विमान अपघातात ते गेले, वय पन्नाशीचंही नव्हतं. १९७६ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात कलादालन उघडलं, तेव्हा त्याचा पाया म्हणजे त्यांनी दिलेली ही चित्रं. आडनाव लोक आणि जमवलेलं लोकांना देऊन गेले.

त्याच पायावर पुढे वाढत गेलेला राष्ट्रीय संग्रह आज नॅशनल गॅलरीत बघायला मिळतो. ही गॅलरी नोव्हेंबर २०१५ मध्ये जुनं सर्वोच्च न्यायालय आणि सिटी हॉल अशा दोन जोडून असलेल्या इमारतींत सुरू झाली. सिंगापूरला जाल तर नक्की जा. त्या सिटी हॉलसमोरच्याच मैदानावर जुलै १९४३ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली होती आणि 'चलो दिल्ली'चा नारा दिला होता. तिथे उभं राहून आधी ते मैदान बघा, मग आत चित्रं बघा. लिऊ कांग यांचं १९७५ चं 'नदीकाठचं जीवन' आत आहे. मासळीचं मूळ चित्रही याच गॅलरीच्या संग्रहातलं आहे. पहिल्यांदा ते समोर पाहिलं तेव्हा मी खिशातून माझी नोट काढून शेजारी धरली. तिथला रखवालदार हसला. बहुधा रोज कुणीतरी तसं करत असावं.

आता गुंतवणुकीचा प्रश्न सोडला असं समितीने म्हणू नये, म्हणून तेही सांगतो. २००४ साली त्या नोटेचे साधारण साडेतेराशे रुपये आले असते. आज तीन हजारांच्या वर येतात. वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास पडलं. बचत खात्याला आपण यापेक्षा फार वेगळं देत नव्हतो. आणि सेक्रेटरींची काळजी मिटावी म्हणून: दोन हजार अमेरिकन डॉलरपर्यंतच्या किमतीचं परकी चलन जवळ ठेवायला कायद्याची परवानगी आहे. मी निवृत्त झालोय, पण नियम अजून विसरलेलो नाही.

मंडळी, हसून झालं. आता मुद्द्याचं बोलतो.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांपूर्वी उभी राहिली, तेव्हा घोडबंदर रोडच्या या बाजूला काय होतं? ओवळा, कासारवडवली ही नावं आज आपण बसच्या पाटीवर वाचतो. ती गावं होती आणि गावठाणात ती माणसं अजून राहतात. आपल्या पार्किंगच्या जागी भाताची खाचरं होती. पहिल्या पावसाळ्यात बेडकांचा आवाज इतका होता की आम्हाला फोनवर बोलता येत नसे. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या एक मावशी याच गावठाणातल्या. त्यांनी मला एकदा बी-विंगच्या जिन्यापाशी उभं करून सांगितलं होतं की इथे त्यांच्या सासऱ्याचं खळं होतं. शेताला नाव होतं. सातबारावर गट नंबर असतो, शेताच्या स्थानिक नावाला रकानाही असतो, पण तो भरलेला असेलच असं नाही. ते नाव त्यांच्या तोंडात आहे आणि फक्त तिथेच आहे.

आपणही इथे बाहेरून आलेले. चिओंग जसे शियामेनहून आले, तसे आपण कुणी साताऱ्याहून, कुणी रत्नागिरीहून, कुणी लालबागच्या चाळीतून आलो. आपण ते गाव बघितलं, पण बघून ठेवलं नाही. आणि आता आपली पाळी जवळ आली आहे. पुनर्विकासाची कुजबुज लिफ्टमध्ये सुरू झाली आहे, मला ऐकू कमी येतं तरी तेवढं येतं. सिंगापुरात ज्या इमारतींसाठी कांपुंगं उठली, त्यांतल्या सुरुवातीच्या काही इमारतीही आता पाडल्या गेल्या आहेत. आणि गंमत बघा, लोक त्या इमारतींचे फोटो जमवायला लागलेत. जिन्याचे, जाळीच्या दाराचे, तळमजल्यावरच्या बाकांचे. एके काळी ज्यांना काड्यापेट्या म्हणून नाकं मुरडली, त्याच आता आठवणीत सोनेरी झाल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या या सभागृहाचंही तेच होणार आहे, रंग उडालेल्या भिंतीसकट.

म्हणून माझी दोन मागणी आहे. एक, घरोघरी १९९८ ते २००५ मधले इथले जे फोटो पडले असतील, बांधकामाचे, पहिल्या गणपतीचे, मागच्या शेताचे, मुलांचे, ते बाहेर काढा. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, कधी आणि काय करताना. बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. लॅमिनेट करू नका. आणि नुसते वाढदिवसाचे केक आणू नका. पाण्याचा टँकर आल्यावर बादल्या घेऊन लागलेली रांग कुणी टिपली असेल, तर ती आधी आणा. मीठ लागलेले हातही संग्रहात हवेत, असं आमच्या घरचं मत आहे आणि ते मला मान्य आहे.

दुसरी, गावठाणातल्या ज्येष्ठांना आपण या हॉलमध्ये मानाने बोलवू या, चहापाणी करू या आणि शेतांची नावं लिहून घेऊ या. त्यांची संमती असेल तेवढंच लिहू, नको म्हणाले तर पेन खाली ठेवू. लिहिण्याचं काम मी करतो. वर्षं किती उरलीत ते माहीत नाही, पण अक्षर अजून चांगलं आहे.

आणि माझा संग्रह. लेकीचं घर लहान आहे. मुलाच्या घरात भिंती आहेत पण त्यावर टीव्ही आहे. त्यांचा दोष नाही, छंद वारसाहक्काने जात नसतो. मी आणि सौ.ने ठरवलं आहे की हे त्रेचाळीस नग वहीसकट सोसायटीच्या वाचनालयाला द्यायचे. समितीने कपाटाचा एक खण आणि उन्हाची तिरीप येणार नाही अशी एक भिंत द्यावी. त्या भिंतीवर तीन महिने सिंगापूरची चित्रं लावू, पुढचे तीन महिने आपली. मासळीच्या शेजारी आपलं खळं. नोटही देणार आहे. फक्त ती काचेत बंद करू नका. मुलांनी हातात घेऊन उलटून बघितली पाहिजे, नाहीतर ती कुणाला कळणारच नाही.

वहीची शंभर पानं अजून कोरी आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयात ती उघडून बसतो. चष्मा आणि पेन्सिल माझी. फोटो आणि नावं तुमची.